आईच्या खिशातला कॅमेरा

कॅमेरा घ्यायला मी एकटाच बर्डीच्या बाजारात गेलो असतो ना, तर नक्की चुकीचा घेऊन आलो असतो. आईला बोधगयेला न्यायचं होतं, म्हणून तिलाही दुकानात सोबत नेलं. मी लांबचं टिपणारा, चांगला जाडजूड कॅमेरा मागितला. दुकानदार वानखेडेकाकांनी विचारलं, "फोटो कोण काढन?"

"मीच."

आई म्हणाली, "आन मी काय नुसती उभी राहू?"

लकव्यानंतर तिचा उजवा हात थरथरतो. तरी काकांनी कॅमेरा तिच्याच हातात दिला. दोन कॅमेरे पाहिले, दोन्हींतले फोटो पार हललेले. तिचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "राहू दे आई, मी काढतो ना."

काका मलाच बोलले, "तू थांब गा जरा!"

त्यांनी खिशात मावेल एवढा छोटा कॅमेरा काढला आणि त्याची दोरी तिच्या मनगटात अडकवली. "हा हाताची थरथर सांभाळून घेते, माय. कोपरं पोटाशी धरा. बटन हळूच दाबा."

पडद्यावर माझा चेहरा एकदम स्वच्छ उमटला. आई तो कितीतरी वेळ पाहत राहिली. मी लगेच पाकीट काढलं.

बोधगयेहून आल्यावर पेढे घेऊन आम्ही काकांकडे गेलो. आभार कसे मानावे, मला सुचत नव्हतं. आईने सरळ स्वेटरच्या खिशातून कॅमेरा काढून त्यांच्यावर धरला. काका लाजून केस सारखे करू लागले, तशी ती ओरडली, "हालू नका जी, फोटो बिघडन!"