साहेबांवरचा हल्ला

नाही नाही सर, जिंकायला नका शिकवू. आणि हरायला शिकवायची तर गरजच नाही — त्यात मी तुम्हाला दोन गोष्टी सांगेन, राग मानू नका. मला फक्त बरोबरी शिकवा. शुक्रवारपर्यंत. हसताय काय? अहो, खरंच सांगतोय. तुमच्या या वर्गात पोरं जिंकायला येतात, आणि मी त्यांच्याच बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलोय — खालच्या चष्म्याच्या दुकानदारानं विचारलंसुद्धा, मुलाला घ्यायला आलात का म्हणून — आणि मागतोय काय, तर बरोबरी. मांडा ना पट. खेळता खेळता सांगतो. पांढरी मला द्या, शुक्रवारीही पांढरीच आहे माझ्याकडे.

हं. हे राजापुढचं प्यादं, दोन घरं. तुमचंही दोन. आणि आता हे बघा — शेजारचं, उंटापुढचं — तेही दोन घरं. घ्या, फुकट आहे. राजा उघडा पडतो, ठाऊक आहे मला. जाणकार नाकं मुरडतात, तेही ठाऊक आहे. पण समोर कोणी बलाढ्य असला की मी हाच डाव लावतो, दुसरा नाही. लिंबूटिंबू असला तर कशाला एवढी उस्तवार? — घेतलंत? छान. साहेबही घेतात. फुकटचं काही दिसलं की त्यांचा हात आवरतच नाही.

म्हणजे साहेब चांगले खेळतात का? छे हो! घोड्याची अडीच घरं अजून बोटानं मोजतात. ते बलाढ्य आहेत खुर्चीनं. आमची पंपांची कंपनी, मी खरेदी विभागात — बेअरिंगं, वॉशर, रबरी सील, असली किरकोळ खरेदी माझ्याकडे — आणि साहेब आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये पट निघतो, थंड पाण्याच्या मशीनवर ठेवलेला असतो तो, आणि साहेब एकेकाला बोलावतात. सगळे हरतात. स्टोअरवाला हरतो, हिशेबवाला हरतो, मेंढरासारखे माना खाली घालून हरतात, हात धुऊन कामाला लागतात. आता मला सांगा, यात साहेबांना काय गोडी? त्यांना त्यांची नावंसुद्धा आठवत नाहीत. माझं आठवतं. का? तर मी अंगावर जातो. पहिल्या चालीपासून. प्यादं देतो, घोडा देतो, वजीर घेऊन थेट त्यांच्या राजाच्या दारात — सगळं कॅन्टीन भोवती गोळा होतं, साहेबांना घाम फुटतो, आणि मग ऐनवेळी माझी एक चाल जरा — जरा उशिरा पडते. साहेब वाचतात. नुसते वाचत नाहीत, जिंकतात! माणूस खुर्चीवरून उठतो तेव्हा वीतभर उंच झालेला असतो, सर. माझ्या पाठीवर थाप मारतात. ‘वाघ आहे वाघ,’ म्हणतात, ‘पण आमच्यापुढं नाही.’

तुमची चाल. — आणि हे सोपं वाटतं ना तुम्हाला? अहो, त्यांना हरवायला झोपेतही जमेल, त्यांना जिंकवायला रक्त आटतं! हल्ला असा करायचा की बचावाची एकच चाल उरावी, आणि तीही त्यांना सुचेल अशी. आणि सुचली नाही तर? एकदा तर काय झालं, माझा राजा कोंडलेला, त्यांचा हत्ती सरळ खाली आणला की मात. मी सगळं ताटात वाढून ठेवलेलं. साहेबांना दिसेना! प्यादी सरकवतायत. मीही इकडची सोंगटी तिकडे करतोय, मात तशीच पडलेली. शेवटी मी खोकलो. हत्तीकडे बघून खोकलो. पुन्हा खोकलो. हिशेबवाल्यानं मला खोकल्याची गोळी दिली. शेवटी मीच म्हटलं, ‘साहेब, तो हत्ती खाली येऊ देऊ नका हो, मेलोच मी!’ — तेव्हा आला. त्या आठवड्यात मला खिडकीजवळचं टेबल मिळालं.

आणि पटावरच नाही. मीटिंगमध्येही हाच डाव. साहेब काहीतरी मांडतात, बाकीचे ‘हो साहेब, वा साहेब’. मी उठतो. टेबलावर हात आपटतो. ‘साहेब, माफ करा, मला हे बिलकूल पटत नाही!’ — सगळ्यांचं धाबं दणाणतं. मग मी असा एक मुद्दा काढतो, ज्याचं उत्तर साहेबांपाशी आधीपासून तयार असतं. ते उत्तर देतात. मी खाली बसतो, ‘हे माझ्या लक्षातच नाही आलं,’ म्हणतो. ऑफिसात माझं नाव आहे, सर — निर्भीड म्हणून. गेल्या वर्षी निरोपसमारंभात एकानं भाषणात सांगितलं, याच्यासारखं स्पष्ट बोलणारा माणूस पाहिला नाही.

पाणी देऊ का? नाही, खोकलात म्हणून म्हटलं. कोणाची तरी बाटली राहिलीय बघा तिथं. नको? बरं. मी आपला हा हत्ती जरा मोकळा करून ठेवतो. कुठं होतो मी?

हां, तर सगळं सुरळीत चाललेलं. आमचे विभागप्रमुख निवृत्त होतायत, जागा मलाच मिळणार हे साहेबांनी जवळजवळ बोलून दाखवलेलं, बायकोनं तर तिच्या बहिणीला सांगूनही टाकलं. आणि मध्येच साहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं. ठरू दे ना, माझी काही हरकत नाही. पण व्याही! औषधाचं दुकान आहे त्यांचं, गरीब माणूस, कधीमधी खेळणारा. साहेब त्यांच्या घरी गेले आणि भर बैठकीत म्हणाले, ‘आमच्या ऑफिसात मला कोणी हरवू शकत नाही. चांगले चांगले वाघ लोळवलेत.’ पट आला. व्याह्यांनी एका हातानं टीव्हीचा आवाज कमी केला आणि दुसऱ्या हातानं साहेबांना मात दिली. पुन्हा मांडला, पुन्हा मात. विहीणबाई सरबत घेऊन येईपर्यंत तिसरा डाव संपला. आणि व्याही काय म्हणाले ठाऊक आहे? वाईट नाही बोलले हो. हसून म्हणाले, ‘तुमच्या ऑफिसातली माणसं फार प्रेमळ दिसतायत.’

सोमवारी साहेबांनी मला आत बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, ‘शुक्रवारी, जेवणानंतर, कॅन्टीनमध्ये. पांढरी तुमची.’ आणि मी दारापर्यंत पोचलो तेव्हा म्हणाले, ‘खरं खेळा.’ एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

आता सांगा, काय करू? जिंकलो, तर इतकी वर्षं मी त्यांना खेळवलं, हे सगळ्या कॅन्टीनसमोर सिद्ध. हरलो, तर अजूनही खेळवतोय. मग उरलं काय? बरोबरी! घासून, दमून, दोघांचे राजे समोरासमोर, हस्तांदोलन. ‘तोडीस तोड आहोत, साहेब’ — आणि माझी जागा मला. म्हणून तुमच्याकडे आलो. तुमच्यासारख्या खऱ्या बलाढ्य माणसासमोर मला बघायचंय की — काय? हो, खेळतोय ना. हे प्यादं पुढं.

खरं सांगू का, एक भीती वेगळीच आहे. हे कोणाला बोललो नाही. मला आता जिंकता येतं की नाही, हेच मला माहीत नाही. मेहुणा आला होता मागे, त्याच्याशी बसलो. तो काय माझा साहेब आहे? माझं काही अडत नाही त्याच्यावाचून. तरी हरलो. मात दिसत होती हो, समोर दिसत होती, आणि हात आपोआप दुसऱ्याच सोंगटीवर गेला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘तुम्ही माझ्याशी भांडतासुद्धा हरायच्या तयारीनं.’ मी चिडलो. आवाज चढवला. मग तिनं उत्तर दिलं आणि मी खाली बसलो.

पुन्हा खोकला? अहो, हवा बदललीय, घसा जपा. तुमची चाल झाली? कडेचं प्यादं एक घर? एवढंच? — थांबा. थांबा, थांबा. हा माझा वजीर... इथं, तुमच्या राजाच्या पुढ्यात... मागून उंटाचा जोर... राजाला घर नाही. सर! मात आहे ही! मात! तुम्हाला! अहो, मी — हात बघा माझा, वजिरावरच गेला. म्हणजे आहे! अजून आहे माझ्यात! तुमच्याएवढ्या माणसावर हा डाव चालला, मग साहेब कोण? नको मला बरोबरी. शुक्रवारी जिंकतो सरळ, जागा गेली तर गेली, बायकोला सांगतो जागा गेली पण —

एक मिनिट.

तो घोडा तुम्ही कडेला कधी नेला? तो तर याच घराची राखण करत होता. आणि नेलात तो... मी मीटिंगचं सांगत होतो तेव्हा. म्हणजे तेव्हापासून ही मात इथं पडलेली होती. मी हत्ती हलवला, मी प्यादं सरकवलं, आणि तुम्ही — तुम्ही कडेचं प्यादं एक घर.

आणि खोकलात. उंटाकडे बघून.

दोनदा.

मी पाणी विचारलं तुम्हाला.

का हो? मी कोण तुमचा? तुम्हाला माझ्याकडून खिडकीजवळचं टेबल मिळणार आहे? कीव आली? माझी? बोलू नका, राहू द्या. काही बोलाल ते चांगलंच बोलाल, आणि मला ऐकवणार नाही. आत्ता एवढा ओरडलो मी, खालच्या दुकानापर्यंत गेलं असेल — सहन नाही होत हो हे. आणि त्या माणसाला मी रोज दुपारी, जेवणानंतर...

मांडा पुन्हा. नाही, पांढरीच द्या. राजापुढचं दोन घरं, उंटापुढचं दोन घरं. घ्या. आणि आता खोकायचं नाही, सर.

खरं खेळा.