मिनीबसला आवतण

हॅलो?... हॅलो, कोन?... पुष्पांजली! बोल माय, पन लवकर बोल. तव्यावर पोळी हाये... पुरनाची. पोळा नाई का आज?... हाव, एकटीच. म्हनजे सकाळपर्यंत एकटी होती. आता दारात मिनीबस उभी हाये.

मिनीबस, मिनीबस!... आपल्या मानिकरावची, नांदुऱ्याहून येते ती... नाई व, धडकली नाई. जेवाले आली.

हसू नको. आयक ना!... मी सांजेले पोराइले गोष्टी वाचून दाखवते ना, वाचनालयाच्या खोलीत... हाव, तेच. तं उकंडराव काय म्हने... अवं, वाचनालयाचा अध्यक्ष नाई का, पंधरा वर्षापासून!... म्हने, शालूबाई, तुमच्या गोष्टीतून पोट्टे काहीच शिकत नाई. पोळा झाला का खोलीले कुलूप. तेथी सोयाबीनचे पोते ठेवू.

मंग? मंग मी म्हनलं, शिकते का नाई ते दाखवतेच तुमाले... रागात म्हनलं व! राग येईन नाई तं काय!... आन परवा वाचली बैलाची गोष्ट. वर्षभर राबला बिचारा, आन घरधनी पोळ्याच्या आदल्या सांजेले त्याले आवतन द्याचंच इसरला. बैल रुसला, गेला रानात निघून... तात्पर्य? तात्पर्य हेच, का जो आपल्यासाठी राबते त्याले मानानं जेवाले बोलवा. पोराइले म्हनलं, यंदा तात्पर्य तोंडानं सांगाचं नाई, करून दाखवाचं.

तं दाखवलं ना करून!

अवं, आपल्या वस्तीत बैल राह्यले किती? चार. काल सांजेले दहा मिंटात झाले त्याइचे खांदे मळून... हाव, हळद, तूप, पळसाचं पान, सारं बराबर. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," म्हनलं चारही बैलाइले. पन पोट्टे तेरा, आन हळद उरली वाटीभर... गेले ना मंग राबनाऱ्या मानसाइच्या मांगं! लाइनमनले खांबावरून खाली उतरवलं, त्याचे खांदे मळले. गिरनीवरच्या जनकाबाईचे मळले. जेसीबीले तं बाशिंग बांधलं... कुठं म्हनजे? सोंडेले!... आन मानिकरावच्या इस्तरीच्या शर्टावर तूप. तो तं रडलाच म्हनते. म्हने, वीस वर्ष झाले गाडी चालवून राह्यलो, पान्याले कोनी पुसलं नाई. आज आला, तं प्रवाशाइसकट आला. आवतन टाळलं तं पाप लागते म्हने.

पत्ता? माहाच देल्ला. दुसऱ्या कोनाचा देईन?

थांब... मनाली, त्या बाबाले उनात नको उभं करू!... शेजारच्या सुवर्णाची मनाली व. तिसरीत हाये. दारात उभी राहून एकेकाले पुसून राह्यली, "तुम्ही काय काम करता?" काम सांगतलं का आत... एक बाई म्हने निंदन. आत. एक चष्मेवाला म्हने, मी लोकाइले प्रेरना देतो. त्याले म्हने, मंग ताटं मांडा.

पुरन? पुरन चार जनाचं होतं... पानी? पुरनात पानी ओतू?... हां, आमटीत... आमटीत तं तीनदा ओतलं.

मेहकरले, लेकीकडं राहाले? नाई येत मी... नाई म्हनते ना! तुमच्या घरी सारं हाये, मले मालूम हाये. पन ते पोरं सांजेले माह्या तोंडाकडं पाहत बसते ना... ते बंद झालं तं मी सकाळी कायले उठू?... रडत नाई. कांदा कापला... बरं, पुरनात कांदा नसते. मालूम हाये मले.

अवं माय!... उकंडराव. त्याच गाडीतून उतरला, सगळ्याइच्या मांगून. नांदुऱ्याहून नवं कुलूप आनलं... हातातच हाये ना, दिसून राह्यलं मले!

थांब, मनालीनं अडवला... "काय काम करता?"... म्हने अध्यक्ष हावो... "अध्यक्ष काय करते?"

काही नाई, इचार करून राह्यला... अजून करून राह्यला... सारे त्याच्याकडं पाहून राह्यले... हां. म्हने, चावी माह्याजोळ असते.

अयायाया!... पोट्टी काय म्हनली मालूम? "चावी तं खुंटीजोळही असते. खुंटीले कोनी जेवाले नाई बोलावत."... मी नाई शिकवलं! देवाशपथ नाई!

गेलं... गेलं व सारं. आता आजच कुलूप लावते तो.

हॅलो?... हाव, हाये मी. थांब... मनालीनं पुस्तक देल्लं त्याच्या हातात. बैलाचंच. म्हने, "वाचा. मंग जेवा."

...वाचून राह्यला.

वाचून राह्यला व! ओट्यावर बसला, कुलूप खाली ठेवलं... ओळीवर बोट ठेवून वाचते. अटकला का मनाली पुढचा शब्द सांगते... मानिकराव, जनकाबाई, सारे घास हातात धरून आयकून राह्यले.

वास कायचा?... तुले फोनमधून काय वास येईन! जळली असन पोळी. जळू दे.

पुष्पा... मी चाळीस वर्ष वाचलं व. पोराइले, मंग त्याइच्या पोराइले. मले कोनी कधी वाचून दाखवलं नाई. माह्या मायले वाचताच येत नोयतं... नाई, कांदा नाई. रडून राह्यली.

ठेव आता. घरधनी आवतन द्याचं इसरला, तेथपर्यंत आला तो... मालूम हाये मले पुढं काय होते! तरी ठेव. आयकू दे मले.