टाकीखालची सावली

सर्वांना नमस्कार, जयभीम. काकू, तुम्ही बसून राहा, उठू नका.

मला सभेत बोलायची सवय नाही. रडत रडत बोलणं तर मला जमणारच नाही. म्हणून आधी काय घडलं ते क्रमाने सांगते. चुकलं तर मधेच टोका.

१. मागच्या रविवारी संध्याकाळी याच समाजमंदिरात रामटेके सरांचं वाचन होतं.
२. सर आपल्या पाण्याच्या टाकीवरचा निबंध वाचत होते.
३. शेवटचं पान उरलं असताना सर थांबले. म्हणाले, "थांबा जरा. मले बरं नाही वाटून राहिलं."
४. आपण हसलो.
५. सर खुर्चीत बसले. आपण टाळ्या वाजवल्या.
६. सरांच्या घरच्या, आपल्या काकू धावत पुढे गेल्या, तेव्हा टाळ्या थांबल्या.
७. सौंसरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सर गेलेले होते.
८. टाकी जागेवर आहे.

आठवा मुद्दा शोकसभेत कशाला, असं वाटेल. त्याच्यासाठीच मी उभी आहे.

आपण का हसलो? आपण वाईट माणसं आहोत म्हणून नाही. सर प्रत्येक वाचनात हेच करायचे म्हणून. आठवतं ना? चेहरा दगडासारखा. चष्मा पुसायचा. मग म्हणायचं, "आज माही तब्येत बरोबर नाही, तुमची पाहून अजूनच बिघडली." आपण हसायचो. ते हसायचे नाहीत. वाट पाहायचे आणि विचारायचे, "झालं का हसून? मंग पुढं जाऊ?"

ही तऱ्हा त्यांनी एका अमेरिकन माणसाकडून घेतली होती. नवीन मंडळींसाठी सांगते. हा एकोणिसाव्या शतकातला विनोदी निबंधकार. सर त्याला 'माहा अमेरिकावाला' म्हणायचे, जसा काही मोहगावला राहणारा साडूच. दहावीत मला इंग्रजी शिकवताना धडा बाजूला ठेवून याच्याच गोष्टी सांगायचे. हा माणूस कॉलेज सोडून निघाला, मिळेल ते काम करत फिरला, शेती केली, लिलाव पुकारले. लिहायला लागला तेव्हा चाळिशीच्या घरात होता. पुढे गावोगाव व्याख्यानं देत हिंडला. कोंबडी, माशी, खेचर अशा विषयांवर अत्यंत गंभीर तोंडाने बोलायचा. लोक हसून लोळायचे, आणि हा असा बघायचा की यांना झालंय काय.

सरांनी त्याचे निबंध आपल्या बोलीत आणले. वीसेक वर्षं हेच केलं. त्याचं खेचर सरांकडे येऊन संत्र्याच्या बागेत शिरलं आणि व्यापाऱ्यापेक्षा चांगला भाव सांगायला लागलं. पांढुर्ण्याच्या बाजारात लोक त्यांना थांबवून विचारायचे, "सर, खेचर काय म्हणते?" सर म्हणायचे, "तुमची आठवण काढून राहिलं."

पण त्या माणसाच्या आयुष्यातली एक गोष्ट सर पुन्हा पुन्हा सांगायचे. त्याने एक निबंध आधी सरळ, शहाण्यासारखा लिहिला. कोणी वाचला नाही. तोच निबंध त्याने अडाणी खेडुताच्या तोंडी घातला, आणि देशभर वाचला गेला. सर म्हणायचे, "पोरी, सरळ सांगितलं तं लोकायले ऐकू येत नाही. हसवून सांगा लागते."

सरांचा यावर विश्वास होता. फार विश्वास होता.

आता टाकी.

मी नागपूरला काँक्रीट तपासण्याचं काम करते. गेल्या दिवाळीत घरी आले होते. टाकीच्या सावलीत पेपर वाचत बसलेल्या सरांच्या चहात वरून खपली पडली. ती घेऊन ते माझ्या दारात आले. "हे काय होय वं? साखर तं नाही."

मी जाऊन पाहिलं. टाकीच्या दोन खांबांचं बाहेरचं काँक्रीट सुटलं आहे. आतल्या सळया दिसतात. त्या गंजून फुगल्या आहेत, आणि फुगलेली सळई उरलेलं काँक्रीट आतून ढकलते. हातोडी मारली की भरीव आवाज यायला हवा. तिथे पोकळ येतो. हे मी सरांना सांगितलं. त्यांनी पाणी समितीला सरळ अर्ज दिला. त्यातले शब्द माझे होते. उत्तर आलं नाही. समितीचे अध्यक्ष मधुकरभाऊ समोरच बसले आहेत. भाऊ, मी भांडायला आलेली नाही. तुम्ही तेव्हा सरांना म्हणाला होतात, "सर, टाकी तुमच्यासारखी हाय. खंगली, पण पडत नाही."

सरांनी ते वाक्य उचललं, आणि त्यांच्या अमेरिकावाल्याने केलं तेच केलं. निबंध लिहिला. टाकी म्हणजे एक म्हातारी. डोक्यावर गावाचं पाणी घेऊन उभी. गुडघ्यातल्या सळया बाहेर आल्या, तरी सून विचारत नाही, बुढे, हंडा उतरवू का. तुम्हाला तो पाठ आहे. लोधीखेड्यापर्यंत त्याचे व्हिडिओ गेले.

आणि मग काय झालं? सांगा ना, काय झालं?

टाकी दुरुस्त झाली? नाही. टाकी लाडकी झाली. आपण तिला 'सरांची बुढी' म्हणायला लागलो. ज्या खांबाजवळ जाऊ नका म्हणून सरांनी लिहिलं, त्याच खांबाजवळ उभं राहून आपण फोटो काढले. उघड्या सळईला कोणीतरी हिरव्या बांगड्या घातल्या. जामसांवलीहून दर्शन करून परतणारे पाहुणे गाडी थांबवून बुढी बघायला येतात. पूर्वी खाली दोन-चार माणसं बसायची. आता गर्दी असते.

सरांनी मला फोन केला. आवाज नेहमीसारखा सपाट होता. मी विनोदाची वाट पाहत होते.

"पोरी, सगळे हसले वं."

"चांगलं झालं ना सर."

"नाही झालं. ते हसून राहिले अन् बुढीखाली जाऊन बसून राहिले. मले भेव लागून राहिलं."

सरांच्या तोंडून भीतीचा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. म्हणाले, "रविवारी पुन्हा वाचतो. शेवटचं पान बदलतो. त्यात बुढी नाही, गंमत नाही. सरळ सांगतो. तू ये."

मी आले. मागच्या रांगेत होते. त्या पानापर्यंत पोचून ते थांबले. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मंडळी, त्या क्षणाची मला भीती वाटते. एका माणसाने भरसभेत खरं सांगितलं, मला बरं नाही. आपल्याला ते नेहमीचं वाटलं. टाकीही तेच सांगते आहे. खपली पडते, तडा वाढतो, पाणी झिरपतं. तिचीही आपल्याला सवय झाली आहे.

परवा मी पुन्हा गेले. दिवाळीत मी तड्याच्या टोकाला पेन्सिलीने खूण केली होती. तडा खुणेच्या पुढे गेला आहे. वर पाहिलं तर टाकी काठोकाठ भरलेली, वरच्या तोटीतून पाणी ओघळत होतं. खाली अंगणवाडीची मुलं खिचडी खात होती. वाढत होती माझी आई. ती तिथे मदतनीस आहे, तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, आई, इथून उठव सगळ्यांना.

आई म्हणाली, "अन् बसवू कुठं? उन्हात? अंगणवाडीच्या पत्र्याखाली भट्टी होते. तूच सांग."

मी म्हटलं, पडेल.

"केव्हा पडन?"

ते मला सांगता येत नाही. इथे उभी राहूनही सांगता येत नाही. माझ्या शिक्षणात तेवढं उत्तर नाही. टाकी अजून वर्षं काढू शकते. उद्या सकाळी डाळ शिजत असतानाही जाऊ शकते. अशा वेळी आमच्या कामात एकच नियम असतो. माहीत नाही, तर खाली कोणी उभं राहायचं नाही. आई हसली. म्हणाली, "सरायसारखंच बोलून राहिली तू."

काल रात्री मला झोप लागली नाही. मला माझ्या आईची भीती वाटते. ती इथे बसली आहे, आणि उद्या ती पुन्हा तिथे वाढायला बसेल.

म्हणून सरांचं शेवटचं पान मी बोलते. ते कागदावर काय होतं, मला माहीत नाही. पण ते सरळ होतं, एवढं माहीत आहे. टाकी रिकामी करा. दुरुस्ती किंवा पाडायचा निर्णय होईपर्यंत खाली कोणी बसू नका. उद्यापासून मुलांचं जेवण या समाजमंदिरात होऊ द्या. चाव्या काकूंकडे आहेत. त्यांनी काल मला विचारलं, "पोरायले पंखा लागन ना वं?" लागेल, काकू.

भाऊ, तुम्ही मघाशी दारात म्हणालात, "टाकी खाली केली तं पाणी का ढगातून आणू?" प्रश्न बरोबर आहे. टँकर बोलवावा लागेल, त्रास होईल. तो त्रास मी नाकारत नाही. मला हो किंवा नाही एवढंच हवं आहे. नाही असेल तर तेही कागदावर द्या, म्हणजे मी आईला हात धरून घरी बसवेन.

आता सरांसाठी उभे राहू या. रविवारी ते थांबले तेव्हा आपण गोंगाट केला. आज आपण थांबू. कोणी खोकलं तरी चालेल, लहान मूल रडलं तरी चालेल. फक्त या शांततेत एकदा खिडकीतून टाकीकडे पाहा.

सर, तुम्हाला अखेरचा जयभीम. हसून झालं आमचं.

आणि मधुकरभाऊ, पाणी समितीचं उत्तर मला येत्या सोमवारी संध्याकाळपर्यंत लेखी द्या.