उचलणार कोण?

जगन : पन मशीन उचलून बघायची गरजच काय तुला? उचलनार मी हाय ना.

वैशाली : रोज, बाबा?

जगन : रोज. सकाळच्या गाडीत तुझ्याबरोबर बसायचं, रोह्याला उतरायचं. तू कामाला बसलीस की मी भाईर बाकड्यावर. संध्याकाळी परत. दोघांचा एकच डबा बांधील तुझी आय.

वैशाली : आणि इथे मूर्तींचे डोळे कोण काढणार? गणपती तोंडावर आलेत. अर्धा कारखाना अजून बिनडोळ्यांचा उभा आहे.

जगन : काढीन सुट्टीच्या दिवशी.

वैशाली : गणपती तुमची सुट्टी बघून येतात होय?

जगन : तू विषय बदलू नको. ही बघ मोठी. उघडली की कशी देव्हाऱ्याचं दार उघडल्यागत वाटतं. आन ही तुझी लाडकी. हिच्यापेक्षा तुझ्या आयचा मिसरीचा डबा मोठा.

वैशाली : मोठी मलाही आवडते, खोटं कशाला बोलू? अख्खी लग्नपत्रिका एका नजरेत दिसते. लहानीवर वर नवऱ्यामुलाचं नाव बघावं, तर खाली मांडव कुठे घातलाय ते दिसत नाही. सारखं वरखाली करत बसायचं.

जगन : मंग? तूच बोललीस बघ. बाय, जन्म गेला माझा डोळे काढन्यात. डोळ्याची किंमत मला शिकवू नको. असं बारीक बघत बसलीस तर चाळिशीच्या आधी चाळिशी लागंल.

वैशाली : अक्षर मोठं करता येतं हो त्याच्यावर. थोडं दिसतं, पण मोठं दिसतं.

जगन : थोडं दिसतं ना? मंग मोठी घे.

वैशाली : मोठी घेतली की ती इथेच राहील, बाबा. छापखान्याच्या हैबतरावांनी काल दोन्ही लॅपटॉप ठेवताना तुमच्यासमोरच सांगितलं ना? मोठा हवा तर पेणला घरी बस, रोह्याच्या छापखान्यातलं टायपिंग ते घरपोच पाठवतील. लहान हवा तर फिरतीवर जायचं. लग्नघरी बसायचं आणि माणसांसमोर पत्रिका जुळवायची. रोहा, नागोठणं, कोलाड.

जगन : आन घरी बसायला काय वाईट हाय? हा उजेडाचा कोपरा तुला देतो. मूर्त्या तिकडं सरकवतो. टेबल आनतो, वर पंखा लावतो.

वैशाली : सत्तावीस वर्षं त्याच कोपऱ्यात बसलेय मी. तिथून फक्त गणपतींच्या पाठी दिसतात.

जगन : पाठी तर पाठी. देवाच्याच हायत ना?

वैशाली : मला माणसांची तोंडं बघायचीत. कोण कुणाचा मामा, कुणाचं नाव आधी, कोण रुसलंय, कोण कुणाला "घाला हो तिचंही नाव" म्हणतंय. पत्रिका तिथे बसून करायची गोष्ट आहे. मागे गल्लीतल्या सरूच्या लग्नात मी कागदावर करून दिली होती, तेव्हा तिच्या सासरची सगळी माणसं माझ्याभोवती बसली होती. माझ्या पायाकडे कुणी बघत नव्हतं, बाबा. सगळे माझ्या हाताकडे बघत होते.

जगन : ...ते व्हय. मी बी व्हतो तिथं.

वैशाली : मग?

जगन : मंग काय मंग? गाडीत चढायचं कसं तू? एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात गाडीच्या दाराचा दांडा. मशीन काय दातात धरनार?

वैशाली : म्हणून तर लहान. गळ्यात अडकवून पाठीवर टाकता येते. आईने पिशवी शिवलीसुद्धा. जुन्या गोधडीची, आत दोन पदर घालून.

जगन : जनीनं? कधी?

वैशाली : काल, तुम्ही रंग आणायला गेला होतात तेव्हा.

जगन : म्हंजे मायलेकींचं ठरलंच हाय. मला विचारायचं नुसतं नाटक.

वैशाली : ठरलेलं नाही. तुम्ही नको म्हणालात, तर लहान परत जाईल. दुपारी हैबतरावांचा माणूस दोन्हीतली एक न्यायला येणार आहे. कुठली न्यायची ते तुम्ही सांगा. मी रुसणार नाही.

जगन : असं बोललीस की मला जास्त भीती वाटते बघ तुझी.

विमलबाई : जगनदादा, हायत का आत? मी विमल, जिते गावची.

जगन : ये गो ये. पाय जपून टाक, तिथं रंग सांडलाय. देव पावला, कोनतरी आलं.

विमलबाई : वैशू पन हाय वाटतं! आन हे काय मांडलंय, नवा रेडिओ?

वैशाली : लॅपटॉप, मावशी. कॉम्प्युटरच, पण घेऊन फिरता येतो.

विमलबाई : असं व्हय. छान दिसतो. दादा, मी सरळ सांगते. यंदा मला मोठा गणपती पायजे. हा असा, दीड हाताचा. गेल्या साली जावंनं मोठा आनला, तर सगळी आळी तिच्या दारात. माझ्याकडं प्रसादाला पन कोन फिरकलं नाय.

जगन : बस तर खरी. उचलनार कोन?

विमलबाई : झालं यांचं सुरू! बाकीचे कारखानेवाले पितांबर कोनत्या रंगाचं ते विचारतात.

जगन : ते मी शेवटी विचारतो. उचलनार कोन?

विमलबाई : घरचेच उचलतील की.

जगन : घरचे म्हंजे तुझा नवरा. त्याला विसर्जनाची सुट्टी हाय का कंपनीत?

विमलबाई : नाय. नेमकी सेकंड शिफ्ट पडलीय.

जगन : म्हंजे तूच. पानी किती लांब?

विमलबाई : तळं हाय गावाच्या पल्याड. देवळामागून बांधाबांधानं जायचं.

जगन : आन बांध तवा भिजलेला. दोन्ही हात देवाला लागले की पदर कोन सावरनार? पोटासमोर दीड हाताची मूर्ती, पाय कुठं पडतो ते तुला दिसनार तरी काय?

विमलबाई : तुमी ना, हौसच मारता मानसाची.

जगन : हौस मारत नाय गो, हौस घरी नेऊन पोचवतो. आता शेवटचं. पाट परत कोन आननार?

विमलबाई : मीच. गेल्या साली आनला नव्हता? वर तळ्याची वाळू बी घेऊन आले व्हते, धान्याच्या कनगीत टाकली.

जगन : मंग ही घे. हातभराच्या आतली. एका हाताच्या कवेत बसती, दुसरा हात मोकळा. डोळे असे काढतो हिचे, तुझी जाऊ चालत येईल बघायला. मानूस देवाच्या डोळ्यात बघतो, उंची कोन मोजतं?

विमलबाई : बोलन्यात कोन जिंकलंय तुमच्याशी? काढा तर डोळे. आन दादा, न्यायला मी भाच्याला घेऊन येईन. गेल्या साली एसटीत मूर्ती चढवताना तुमी तशीच कंबर धरून खाली बसलात, तुमच्या कारखान्यातल्या काळुरामानं चढवली मंग. मलाच मेलं कसंतरी झालं.

जगन : ते काय आता काढायचं?

वैशाली : कंबर? कसली कंबर?

विमलबाई : तुला ठावं नाय? काळुराम तर बोलला, सदऱ्याच्या आत पट्टा बांधून कामाला बसतात.

जगन : विमल, तुझी गाडी चुकंल.

विमलबाई : चुकतेय कसली, अजून... बरं बाय, जाते. माझ्या तोंडाला कुलूप नाय, आमचे हे बोलतात ते काय खोटं नाय. वैशू, येते गो.

वैशाली : या, मावशी.

जगन : चांगली बाई हाय. जरा बोलते जास्ती.

वैशाली : पट्टा दाखवा.

जगन : त्यात काय दाखवायचं? पट्ट्यासारखा पट्टा.

वैशाली : वर्ष झालं, बाबा. वर्षभर माझ्यापासून लपवलंत. माझ्या पायाला पट्टी, तुमच्या कमरेला पट्टा, आणि माझं ओझं रोज रोह्याला नेणार तुम्ही.

जगन : आता किती वजन हाय त्या मशीनचं? देवाच्या मूर्तीपुढं काय ते?

वैशाली : उचला बरं मोठी. आत्ता, माझ्यासमोर. वाकून.

जगन : ...नंतर उचलतो.

वैशाली : नका उचलू. बसा इथे. माझ्याजवळ बसा. विमलमावशीला तीन प्रश्न विचारलेत ना? पेणपासून जित्यापर्यंत सगळ्या गिऱ्हाइकांना विचारता. मला एकही नाही विचारलात.

जगन : तू काय गिऱ्हाईक हायस माझं?

वैशाली : गिऱ्हाईक नाही म्हणूनच का?

जगन : तुला विचारायचं काय त्यात? तुला कायम मीच उचललीय. पोलिओनं पाय नेला तवापासून. शाळेत खांद्यावर, दवाखान्यात खांद्यावर, भोगावती नदीवर विसर्जनाला खांद्यावर.

वैशाली : एक वर्ष सोडून.

जगन : कोनतं?

वैशाली : मी पहिलीत होते. तुम्हाला नवीनच आखणीचं, डोळे काढायचं काम मिळालं होतं, म्हणून घरचा गणपती एवढा मोठा केलात की दारातून आडवा काढावा लागला. एका बाजूने तुम्ही धरलात, दुसऱ्या बाजूने काका. सगळे गेले. मी ओट्यावर बसून राहिले. ताशा कोपऱ्यावरून वळला तरी मला ऐकू येत होता.

जगन : तुझ्या आयनं हाक मारली व्हती मला. पन हात...

वैशाली : हात गुंतले होते. माहितीय मला, मी कुठे काय म्हणते? पुढच्या वर्षी तुम्ही घरचा गणपती वीतभराचा केलात. सगळी गल्ली हसली. मूर्तीवाल्याच्या घरी वीतभर गणपती! तुम्ही म्हणालात, शाडू संपली.

जगन : संपलीच व्हती.

वैशाली : नाही. मागच्या खोलीत पोतं होतं, मी त्याच्यावर बसायचे. त्या वर्षी एका हातात गणपती होता आणि खांद्यावर मी. तेव्हापासून आपल्या घरचा गणपती वीतभरच आहे.

जगन : तुला कळलं व्हतं ते?

वैशाली : खांद्यावर मीच बसले होते ना, बाबा.

(जगन ब्रश धरलेल्या हातानेच डोळे पुसायला जातो.)

वैशाली : अहो, रडता काय? ब्रशचा हात डोळ्याला लावू नका, रंग जाईल.

जगन : मी भितो, बाय. दांडा हातातून सुटला तर? गाडी हलली तर? गर्दीत कुनाचा धक्का लागला तर? तुला पाडायला काय लागतं?

वैशाली : काहीच लागत नाही. शाळेत कितीदा पडले, तुम्ही नव्हतात तेव्हा. उठलेही. उठायचं कसं ते मला तुमच्यापेक्षा जास्त येतं.

जगन : आन मी काय करू मंग? उचलायला कायच उरलं नाय तर मी तुझा कोन?

वैशाली : असं नका ना बोलू.

जगन : खरं तेच बोलतोय. ही मोठी मशीन डोळ्यांसाठी म्हनत व्हतो, ते निम्मं खोटं. ती जड हाय म्हनून पायजे व्हती मला. जड वस्तू घरात राहते.

वैशाली : माहीत होतं.

जगन : तरी मला विचारत बसलीस?

वैशाली : तुम्ही पाठवल्याशिवाय मला जायचं नव्हतं.

जगन : ...आन ती पिशवी. दोन पदर घातलेत ना जनीनं? दोन पुरायचे नाय. गाडी हिसका देते नागोठण्याच्या अलीकडं. आपन मूर्तीखाली घालतो तसा पेंढा घालून देतो तळाला. पट्टा बी आखूड कर, लोंबकळनार नाय असा. पाठीला घट्ट पायजे. घाल बघू.

(वैशाली लहान लॅपटॉप पिशवीत ठेवते, पिशवी पाठीवर टाकते, कुबडी घेऊन मूर्तींच्या रांगांमधून दारापर्यंत जाते आणि परत येते. जगन जागचा उठत नाही.)

जगन : लागते का कुठं?

वैशाली : नाही.

जगन : हात मोकळा?

वैशाली : हा बघा.

जगन : मंग उभी रहा तशीच. रीतीनं व्हायला पायजे. उचलनार कोन?

वैशाली : मी.

जगन : पानी किती लांब?

वैशाली : रोहा. कधी नागोठणं, कधी कोलाड. जिथे लग्न असेल तिथे.

जगन : पाट परत कोन आननार?

वैशाली : मीच. संध्याकाळच्या गाडीने. तुम्ही स्टेशनवर याल ना?

जगन : येऊन काय करू? उचलायला तर काय ठेवलं नायस तू.

वैशाली : बरोबर चालायला या.

जगन : हळू चालावं लागंल हां तुला. कंबर धरते माझी.

वैशाली : मी हळूच चालते, बाबा.