विसातले साडेचौदा

आजच्या या हृद्य सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या शाळेचे माजी मुख्याध्यापक आदरणीय चिंतामणराव वैद्य सर, मुख्याध्यापिका वर्षालीताई, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या सत्कारमूर्ती कुंदा राजूरकर मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, दुसऱ्या रांगेत बसलेले माझे सासरे नत्थुजी बोंडे, शिक्षकवृंद, पालक आणि खुर्च्या रिकाम्या असूनही सवयीने मागच्या भिंतीला टेकलेले माझे वर्गमित्र, तुम्हा सर्वांना किशोर भुयारचा नमस्कार.

सूत्रसंचालक स्वानंद सरांनी मला चिठ्ठी दिली आहे. तीत लिहिलंय, ‘वेळ ०.२५ तास’. हा आता पंचवीस मिनिटं बोलणार, अशी भीती काही चेहऱ्यांवर दिसते. घाबरू नका. ०.२५ तास म्हणजे पाव तास, पंधरा मिनिटं. हे मला येतं. का येतं, आणि न आल्यामुळे माझं लग्न कसं मोडत होतं, तेवढंच आज सांगतो.

मी इथल्याच चांदूर बाजारचा. संत्र्याची बाग आणि थोडी तूर. चौदा वर्षांपूर्वी रिद्धपूरजवळच्या नत्थुजींची मुलगी प्रणाली मला सांगून आली. पाहिल्याबरोबर आवडली, यात लपवण्यासारखं काही नाही. माझ्या परिचयपत्रात मी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘शेती ५.५ एकर’. मामाजींनी, म्हणजे नत्थुजींनी, कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि विचारलं, हे किती म्हणायचं? मी छाती पुढे काढून म्हणालो, साडेपाच एकर.

आता मामाजी आमच्या गावात आधीच चौकशी करून आलेले. त्यांना पक्की माहिती होती, पाच एकर पाच गुंठे. ते म्हणाले, साडेपाच म्हणजे तर पाच एकर वीस गुंठे झाले, मधले पंधरा गुंठे कुठून आणले? आणि इथे मी जे उत्तर दिलं, ते आजही सासरी प्रत्येक पंगतीत वाढलं जातं. मी म्हणालो, “मामाजी, पाच एकर पाच गुंठे म्हंजेच साडेपाच. एकच आहे थे.”

मंडळी, मी खोटं बोलत नव्हतो. माझा तसा प्रामाणिक समज होता. माझी तरी काय चूक? दुपारी १.३० ची एसटी असते, तिला आपण दीडची गाडी म्हणतो. क्रिकेटमध्ये ४.३ षटकं म्हणजे साडेचार षटकं. मग माझ्या शेतानेच काय घोडं मारलं होतं?

मामाजींनी कप खाली ठेवला. चहा अर्धा होता, म्हणजे ०.५. त्यांना कमी जमिनीचं काही वाटलं नाही. ज्याला स्वतःचं शेत मोजता येत नाही त्याच्या घरी मुलगी कशी द्यायची, हा त्यांचा सवाल होता. धारणीला नोकरीवर असलेला एक मुलगा त्यांच्या मनात होताच. माझी आई रडकुंडीला आली. तेव्हा प्रणालीने आतून निरोप पाठवला की यांना आणि मला, दोघांनाही कुंदा मॅडमनी शिकवलंय, एकदा त्यांना विचारा.

मॅडम आल्या. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी आपोआप उठून उभा राहिलो. त्या म्हणाल्या, “किशोर, टिंबाच्या उजवीकडे कशाचे भाग आहेत, ते आधी विचारायचं असतं.” मग विचारलं, एकराचे गुंठे चाळीस, तर पाच गुंठे दशांश अपूर्णांकात किती? मी छताकडे पाहिलं. छताला उत्तर माहीत नव्हतं. आतून प्रणालीचा आवाज आला, शून्य पूर्णांक एकशे पंचवीस सहस्रांश. म्हणजे माझी शेती ५.१२५ एकर. स्वतःच्या शेताचा आकडा मला भावी बायकोकडून कळला.

मामाजींनी अट घातली. मॅडमनी मला शिकवावं, वीस गुणांची परीक्षा घ्यावी, आणि मी त्यातला पाऊण हिस्सा, म्हणजे पंधरा गुण मिळवावे. नाहीतर धारणी.

मग चार रविवार मी मॅडमच्या ओसरीवर सातवीच्या मुलांमध्ये मांडी घालून बसलो. मला मिशी होती. माझ्या शेजारची चारुता मला दर पाच मिनिटांनी सांगायची, काका, अंशाला छेदानं भागा, उलटं नका करू. ती आज अकोल्याला डॉक्टर आहे आणि तिच्या हातून ०.५ चं ०.०५ होत नाही. मॅडमनी फरशीवर खडूने चाळीस चौकोन आखले होते. एकेक चौकोन म्हणजे गुंठा. माझं संपूर्ण प्रेमप्रकरण त्या चाळीस चौकोनांत उड्या मारत झालं.

परीक्षा झाली. साडेचौदा गुण मिळाले. अर्धा कमी.

आता मॅडम आणि अर्धा गुण, हे तुम्ही सगळे जाणता. परवा माझी मुलगी आकांक्षा अर्ध्या गुणाने मागे राहिली, म्हणून प्रणाली रदबदली करायला गेली. मॅडम म्हणाल्या, “हिच्या वडिलांना लग्नासाठी दिला नाही, हिला कशासाठी देऊ?” माझ्या वेळीही माझ्या आईने हात जोडले, शेजारपाजारच्यांनी विनवलं. मॅडम ढिम्म. शेवटी मामाजीच विरघळले. अर्ध्यासाठी काय सोयरीक तोडायची, अजून एक रविवार बसवा म्हणाले. दुसऱ्या वेळी अठरा मिळाले आणि लग्न झालं.

इथे मी भाषण संपवणार होतो. पण या भाषणासाठी म्हणून घरी पेटीतून तो जुना पेपर काढला. आकांक्षा सातवीत आहे, तिने सवयीने बेरीज केली आणि म्हणाली, पप्पा, हे साडेबारा होतात. मी केली, साडेबारा. प्रणालीने दोनदा केली. खाली लाल शाईत मॅडमच्या अक्षरात साडेचौदा.

खाली साडेबारा लिहिलेले असते, तर मामाजींनी त्याच संध्याकाळी धारणीला फोन केला असता. मॅडम, तुमची बेरीज बत्तीस वर्षांत कधी चुकलेली कोणी पाहिली नाही. कोणाला अर्धा न देणाऱ्या तुम्ही मला दोन दिलेत. माझा सगळा संसार त्या दोन गुणांवर उभा आहे. बघा, मॅडम कशा मान खाली घालून हार नीट करताहेत.

मामाजी, तुमची माफी मागतो. चौदा वर्षं झाली, आता मुलगी परत मागू नका. काय म्हणता? जरा थांबा मंडळी, मामाजी उभे राहिलेत.

मागे ऐकू आलं नसेल, मी सांगतो. मामाजी म्हणतात, “बेरीज मलेबी येते, जवाई. म्या तवाच केल्ती. पन जे बाई कोनाले अर्दा मार्क देत नाई, ते तुमाले दोन देते, म्हन्जे पोरगं चांगलंच असन, असं समजलो.”

स्वानंद सर घड्याळ दाखवताहेत, पाव तासाचा पाऊण होत आलाय. तुम्ही शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल सर्वांचा आभारी आहे. मॅडमना निवृत्तीचं पुढलं आयुष्य पूर्णांकात लाभो. माझ्या बोलण्यात ज्या चुका झाल्या असतील, त्यांचे गुण खुशाल कापा. फक्त शेवटची बेरीज मॅडमना करू द्या.