पन्नास किलोचे बहात्तर लिटर

—किलो? किलो नाही मिळायचा गं, लिटर सांग. नवीन दिसतेस, मध्य जावातली ना—बोलण्यावरूनच कळलं. आमच्या जकार्तात तांदूळ लिटरनं घ्यायचा. घाबरू नकोस, सोपं आहे—एक लिटर म्हणजे आठशे ग्रॅम, पाच लिटर घेतलेस की चार किलो झाले. मला कोणी शिकवलं? माझ्या सुनेनं, वुर्यानीनं. तीही तुमच्याकडचीच, क्लातेनची—लग्नात भांडी नाहीत, कुंडी नाहीत, पोरगी तराजू घेऊन आली. तराजू. गल्लीभर हसले मी तिला, म्हटलं, सासूला तोलायला आणलास काय. ती तिकडे शाळेत गणित शिकवायची, बोलते कमी.

तर काय झालं—बस त्या पोत्यावर, उभी का—तिच्या लग्नाला वर्ष नव्हतं झालं, रमजान संपत आलेला, ईदेआधी गरिबांना द्यायच्या फितऱ्याच्या तांदळाला ही गर्दी. डोई अडीच किलो नाहीतर साडेतीन लिटर, मशिदीत दोन्ही चालतं, आणि अख्खी गल्ली नेणार माझ्याकडूनच. दुपारी जरा सामसूम झाली, तशी वुर्यानीनं माझे साडेतीन लिटर तिच्या तराजूत ओतले—मग पुन्हा ओतले—मग पुन्हा. हळूच म्हणते, "आई, हे दोन किलो चारशेच भरतात." मी म्हटलं, तुझा तराजू माहेरचा, सासरचं कमीच दाखवणार. हसली नाही. मापाचा डबा उलटा करून दाखवला—बूड आत गेलेलं, असं, वाटीएवढं. पडला होता गं हातातून, नळाच्या ओट्यावर—उद्या ठोकून घेऊ म्हणता म्हणता राहून गेलं. "लोकांचा फितरा अपुरा राहील, आई," एवढंच बोलली.

रोजे लोकांनी धरायचे आणि उणं माझ्या डब्यानं करायचं. पण तिनं कोणाला सांगितलं नाही बरं का, नवऱ्यालाही नाही—माझा रोजाली म्हणजे नुसता बडबड्या. आम्ही दोघींनीच पोतं हातगाडीवर घातलं आणि घरोघर निघालो, माणशी दोन-दोन मुठी. लोक विचारतात, हे कशाबद्दल? मी आपली खाली वाकून मुठी मोजतेय—तर हीच म्हणते, "आईंनी यंदा फितऱ्यात वरचं द्यायचं ठरवलंय." झालं, गल्लीत माझं नाव. तो कोपऱ्यावरचा हाजी, जन्मात कधी नीट बोलला नाही माझ्याशी, तो म्हणतो, रोमला, मन मोठं आहे हो तुझं. मी मान खाली घातली, तर लोकांना वाटलं, काय ही नम्र बाई.

नवा डबा त्याच संध्याकाळी आणला. आणि हे बघ, तेव्हापासून लिटरवर एक मूठ जास्त घालते—नाही, चुकून नाही, राहू दे. अकरा ईदा गेल्या होत्या ना त्या जुन्या डब्यावर, एका फेरीत कुठे पुरं पडतंय. अकराच कशावरून? अगं, पन्नास किलोचं पोतं बासष्ट लिटरला संपायचं, ते डबा पडला त्या महिन्यापासून बहात्तरला संपायला लागलं, तेव्हाच मी...

म्हणजे—शाळा नाही शिकले मी. पण आपलं पोतं किती लिटरला संपतं हे कळायला शाळा कशाला लागते. उद्या ठोकू, उद्या ठोकू... वुर्यानीला हे बोलले नाही कधी. "आईंच्या लक्षातच आलं नव्हतं," म्हणते ती, विषय निघाला की, अगदी सरळ तोंडानं म्हणते. पण आल्या दिवसापासून पोती तीच फोडते, किती लिटर गेले तेही तीच बघते. गणिताची बाई ती. तिला बहात्तर दिसले नसतील?

इतके महिने गप्प बसली असेल ती? माझ्यासाठी?

—हां, आलीस का वुर्यानी. काही नाही गं, तांदळाचंच बोलत होतो. आणि तू गं, धर तुझी पिशवी, पाच लिटर आहेत. जा आता. जा.