तिकडच्या निवडणुकीत माझं एक वाक्य

— हात सैल सोडा हो, असं पोलिसासमोर उभं राहिल्यासारखं नको. हं, बाही तेवीस. तर थोरलीचं विचारलंत — बरी आहे की. तिकडेच, परदेशात, नर्स. तिकडे निवडणूक झाली ना आत्ता, त्यावर इथून कुणीतरी मोबाइलवर काहीतरी लिहिलं आणि तिला जरा त्रास झाला, एवढंच. कुणी म्हणजे — असतात हो रिकामटेकडे, दुसऱ्याच्या देशात कुणी निवडून यावं नि कुणी नाही — वळा जरा — मीच लिहिलं. तुमच्यापासून काय लपवायचं, तुमच्या लग्नाचा कोट मी शिवलाय.

एकच वाक्य. त्या टकल्याला मत देणारे सगळे गाढव आहेत. मोबाइलच त्यांच्या भाषेत करून देतो. दुपारपर्यंत दोन हजार लाइक! चाळीस वर्षं या मशीनवर बसलोय, दोन हजार माणसं कधी एकदम वा म्हणाली नव्हती. हिला दाखवलं, तर म्हणाली, तुमचा काय संबंध? म्हटलं, लेक राहते तिथं, काळजी वाटते. खोटं. काळजी कसली, मजा वाटत होती.

आणि माझ्या नावाशेजारी फोटो कुठला? मी नि थोरली, ती युनिफॉर्मात, छातीवर हॉस्पिटलचं नाव — स्वच्छ वाचता येतं. दोन दिवसांत तिच्या वॉर्डात पोचलं. एक आजी होत्या, दोन महिने थोरली त्यांना हातानं भरवत होती. त्यांनी तोंड फिरवलं. म्हणाल्या, दुसरीला पाठवा, मी गाढव आहे ना. थोरली फोनवर रडली नाही हो, तेच वाईट. एवढंच म्हणाली, "बाबा, सात वर्षं राहतेय, मलासुद्धा इथं मत नाही. तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

काढून टाकलं मी लगेच — पण लोकांनी त्या वाक्याचे फोटो काढून ठेवलेले. माफी लिहिली, तर माफीखाली जास्त शिव्या. मग हॉस्पिटलला पत्र घातलं, चूक माझी, पोरीची नाही — ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही कळलं! आता तिला वॉर्डातून काढून तळघरात चादरी मोजायला बसवलंय, वातावरण निवळेपर्यंत. मी काही करायला गेलो की तिच्याच अंगावर येतं. म्हणून गप्प आहे. गप्प म्हणजे, दिवसभर वाचतो, तिच्याबद्दल काय काय लिहितात ते. थांबवता येत नाही नि न वाचता राहवत नाही.

आपल्या इथली? गेल्या वर्षीची? नाही गेलो बुवा मत द्यायला. रांग मोठी होती. असू दे — मान वर करा, कॉलर साडेपंधरा.

थांबा. वर हिचा आवाज येतोय ना? थोरलीचाच फोन. रविवारी आईला करते. छे, मी नाही जात वर — मी गेलो की तिला लगेच काम निघतं. इथं शिडीपाशी उभं राहिलं की हिचं तेवढं ऐकू येतं. "जेवलीस का" म्हणाली आता. मग तिकडून काहीतरी... "मोठ्यानं बोल गं" म्हणतेय ही...

जरा बोलू नका.